टाकेबाईंचं मशीन

"आई, जरा सरकतेस का? पलंग या भिंतीला लागेल," हातातली टेप भिंतीला लावत मुलगा म्हणाला.

टाकेबाई सरकल्या नाहीत. मशीनच्या दोन्ही मुठी धरून त्या उभ्या होत्या आणि रजईवरच्या वेलीचं एक पान अजून अर्ध्यावर होतं. पान अर्धवट टाकून सरकणं त्यांना जन्मात जमलं नसतं. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. रजयांवर टाके घालतात म्हणून टाकेबाई, एवढंच.

मशीन जवळजवळ खोलीएवढं लांब होतं. रजई दोन दांड्यांवर ताणून बसवायची, ती जागची हलत नाही. मशीनचं डोकंच मुठी धरून तिच्यावर फिरवायचं, आणि तेही उभ्याने. डॉक्टरांनी गुडघ्याला विश्रांती सांगितली आणि मुलाने ती आईपेक्षा जास्त मनावर घेतली. मशीन विकायचं आणि त्या जागी आईसाठी पलंग टाकायचा, असं त्याने ठरवून टाकलं. मुलगा वाईट नव्हता. पण आईला न विचारता आईचं भलं करायला निघालेल्या मुलाशी भांडायचं तरी कसं?

"गादीवाले दुपारी येतायत मशीन बघायला," तो म्हणाला. "तू फक्त चालवून दाखव. वाद घालू नकोस."

गादीवाले म्हणजे ज्यांच्या दुकानातून टाकेबाईंकडे रजया यायच्या तेच. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

जेवणं झाल्यावर भांडी आवरताना सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही आज नुसत्या गप्प बसा. बाकीचं माझ्याकडे."

"तू काय करणार आहेस?"

"काही नाही," सून म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे, म्हणून तिने लगेच पाठ फिरवली.

गादीवाले आले, चहा प्यायले आणि मशीनपाशी उभे राहिले. टाकेबाईंनी रजईच्या कडेच्या जादा कापडावर एक वेलांटी काढली. सुरुवातीलाच आवाज त्यांच्या कानाला खटकला. निळ्या धाग्याच्या रेघेवर वळणावळणाला पांढरे ठिपके उठले होते. खालचा धागा वर डोकावत होता.

गादीवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हे तर झिजलंय. हे घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं. भंगाराच्या भावात देत असाल तर बघू."

मुलगा ओशाळला. "वय झालं हो मशीनचं. आईचेही हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. दोघांनाही आरामच हवा."

टाकेबाईंनी दाराकडे पाहिलं. सून छताकडे बघत उभी होती, इतक्या साळसूद चेहऱ्याने की सगळा उलगडा झाला. बाईसाहेबांनी बॉबिनच्या, म्हणजे खालच्या धाग्याच्या, डबीचा स्क्रू ढिला करून ठेवला होता. आता आपण नुसतं गप्प बसायचं. गादीवाला जाईल, मशीन राहील, साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. अक्कल सांगत होती, बाई, तोंड मीट.

पण हात पहिल्यासारखे राहिले नाहीत? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी वाकून डबी बाहेर काढली. सून जोरात खोकली.

"खोकला झालाय का गं? गरम पाणी पी जा," टाकेबाई म्हणाल्या आणि डबीतून निघालेला धागा चिमटीत धरून त्यांनी ती तळहातावर लोंबती सोडली. ताण बरोबर असेल तर डबी हिसक्यासरशी जराशी घसरते आणि थांबते. ही धपकन हातावर पडली. त्यांनी स्क्रू केसभर पिळला, पुन्हा पाहिलं, आणखी केसभर पिळला. मग वरचा निळा धागा काढून टाकला आणि फळीवरचा लाल सुती धाग्याचा कोन खाली घेतला.

"पांढरा लावा की," गादीवाले म्हणाले. "खाली पांढरा, वर पांढरा. कमीजास्त झालं तरी झाकून जातं."

"म्हणूनच नको."

सुती धागा जाड. म्हणून त्यांनी वरच्या धाग्याचा ताण धरणारी चकती थोडी सैल केली आणि एक रेघ मारली. खालून चाचपली तर बोटाला लाल गाठी लागल्या. चकती पुन्हा किंचित आवळली. "लाल खाली दिसायचा नाही, पांढरा वर दिसायचा नाही," त्या कुणाला उद्देशून न म्हणता म्हणाल्या. "दोघांची गाठ रजईच्या पोटात पडायला पाहिजे. नवरा-बायकोचं भांडण जसं घरात राहावं तसं."

उलटी बाजू बघायला त्या खाली बसल्या तेव्हा गुडघा कटकन वाजला. मुलगा धरायला धावला, पण त्यांनी त्याचा हात बाजूला सारला. मग उठून मुठी धरल्या आणि कडेच्या कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल वेल काढली. मधे थांबल्या नाहीत.

गादीवाल्यांनी वेल वरून पाहिली, मान वाकडी करून खालून पाहिली. "घेतलं," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तो भाव."

"मग ठरलं!" मुलगा खुलला.

"काय ठरलं? मशीन विकायचं नाही."

"मग दाखवलंत कशाला?" गादीवाले चिडले.

"तुम्ही त्याला झिजलेलं म्हणालात. आणि यानं मला."

"आई, अगं गुडघा..."

"गुडघा माझा आहे. दुखेल तेव्हा मी बसेन. तू मला बसवू नकोस."

गादीवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "ठीक. मग माझ्या दुकानाचं कामही यापुढे इथे येणार नाही. ही रजई आत्ताच सोडवून द्या."

एक शब्द मऊ बोलल्या असत्या तर भागलं असतं, हे टाकेबाईंनाही कळत होतं. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा. धाग्यांची टोकं पक्की करून देते. नाहीतर उसवेल."

रजई गेली. दांड्या उघड्या पडल्या. मुलगा टेप गुंडाळत म्हणाला, "काय मिळवलंस? काम गेलं, मशीनही पडून राहणार."

खरं सांगायचं तर टाकेबाईंनाही भीती वाटत होती. त्या आतल्या खोलीत गेल्या, स्वतःच्या अंथरुणावरच्या दोन्ही चादरी ओढून आणल्या, ट्रंकेतला उरलेला कापूस त्यांच्यात पसरला आणि ते सगळं दांड्यांवर ताणून बसवायला लागल्या. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. सून धावत आली.

"आई, चुकलं माझं. मला वाटलं..."

"चुकलंच. ढिलं करायला येतं ना? मग घट्ट करायला शीक." त्यांनी डबी तिच्या हातात दिली.

सुनेने धागा चिमटीत धरला. डबी धपकन पडली. तिने स्क्रू पिळला. आता डबी हलेचना. ती सासूकडे बघू लागली. टाकेबाईंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते पदराखाली घेतले, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा."