खंड पडू नये

दिपक बनसोडेच्या तोंडी एक शब्द कायमचा बसला होता, खंड. दाढीत खंड नको, बचतीत खंड नको, रविवारच्या विहारातल्या वंदनेत तर नकोच नको. पाटबंधारे खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केली की माणूस असा होत असेल, किंवा शाळेत असताना मोहोळ तालुक्यात पळण्यात पहिला आला होता त्याचा तो उरलेला वारा असेल. बायको शालन म्हणायची, "ह्यांना ताप आला तर तो पण रोज ठरल्या टायमाला यायला पायजे." यावर घरात सगळे हसायचे, आणि मुलगी दीक्षा सगळ्यांत जास्त.

ती दीक्षा डिसेंबरात पुण्याहून सुट्टीला आली, ती हसणं तिकडंच ठेवून. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. शाळेत कधी पहिला नंबर सोडला नव्हता, आणि कॉलेजच्या पहिल्याच परीक्षेत दोन विषय गेले. दुपारपर्यंत पांघरुणात, मग फोन, मग परत पांघरूण. काय झालं विचारलं की "काही नाही पप्पा." दिपकला तिच्या नापास होण्याचं एवढं वाटलं नाही, त्या "काही नाही"ची मात्र फार भीती वाटली. एकुलती एक लेक डोळ्यांदेखत विझत चालली होती. तिला परत पहिल्यासारखी करायची, बाकी काही नको, एवढंच त्यानं मनाशी धरलं.

आणि उपाय कुठला काढला, तर त्याला जो एकच येत होता तो.

"उद्यापासून पळायचं," त्यानं जाहीर केलं. "तू आणि मी. सुट्टी संपेपर्यंत रोज. एक दिवस चुकवायचा न्हाई."

"पप्पा, थंडी बघा की बाहेर."

"सोलापूरची कसली आलीय थंडी? पाहुणी असती ती. आपलं स्वेटर बघून परत जाती."

दीक्षा किंचित हसली. घरी आल्यापासूनचं पहिलं हसू. दिपकला वाटलं, लागलं औषध लागू.

विजापूर रस्त्याला कंबर तलाव आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथं पहाटे दोघं जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती धापा टाकत होती आणि तो ऐटीत होता. दोन-तीन दिवसांत उलटं झालं. आठवडा भरायच्या आत दिपकचा उजवा गुडघा असा सुजला की जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागे. त्याचा खंड पडला. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला शब्द स्वतःच्या गुडघ्यात अडकला, पण त्याला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण दीक्षा एकटी जायला लागली. अलार्म वाजायच्या आधी उठून, बूट बांधून, दार हळूच ओढून. तिच्या फोनमध्ये एक ॲप होतं, रोज पळालं की त्यात ज्योत पेटलेली दिसायची. एक दिवस चुकला की विझणार. दिपक ती ज्योत रोज आपल्या स्टेटसला लावायचा आणि भावकीच्या ग्रुपवर टाकायचा. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडायचा.

गुडघ्यानं रिकामा केलेला दिपक मग खुराकाकडं वळला. रात्री अंडी उकडून सोलून ठेवायची, खजूर, गूळ-शेंगा, सगळं कागदात बांधायचं. दीक्षा ती पुडी जॅकेटच्या खिशात टाकायची. "पळून झाल्यावर खाते पप्पा. आधी खाल्लं की पोटात कळ येते." बरोबरच होतं, खेळाडूला कळतं ते. रात्रीचं ताटही ती वरच्या खोलीत न्यायची, राहिलेल्या विषयांचा अभ्यास होता ना. ताट परत यायचं ते धुतल्यासारखं. शालननं त्या आनंदात रोज दोन भाकरी जास्त थापायला घेतल्या.

तलावावरची कुत्री तर दीक्षाच्या मागं वेडी झाली. दिपक एकदा तिला आणायला स्कूटरवरून गेला, तर पाच-सहा कुत्री तिच्याभोवती शेपट्या हलवत चालली होती, चांगली गुबगुबीत, अंगावर तेज आलेली. "मुक्या जनावराला माणूस बरोबर कळतं," तो घरी येऊन शालनला म्हणाला. "आणि कुणीतरी पुण्यवान त्यांना पोटभर घालतंय हां. लई भारी झालीत."

वर्षाच्या शेवटच्या रात्री दरवर्षीप्रमाणं गल्लीतली मंडळी दोन गाड्या करून भीमा कोरेगावला निघाली. आज काय पळणं जमायचं नाही, असं शालनला वाटलं होतं. पहाटे ढाब्यावर गाड्या थांबल्या. लोक कांबळी सावरत चहाला उतरले, आणि दीक्षा शेजारच्या पंपाच्या मोकळ्या आवारात पळायला लागली. ट्रकच्या दिव्यांतून गोल, परत गोल. मंडळी चहाचे कप हातात धरून बघत राहिली. "जिद्द बघा पोरीची," कुणीतरी म्हणालं. दिपकची छाती अशी फुगली की स्वेटरची गुंडी तुटायची बाकी राहिली. जयस्तंभापुढच्या रांगेत दीक्षा दोनदा झुलली, शालननं तिला धरलं. जागरण झालंय, दिपक म्हणाला. तिथं वाटलेलं जेवणाचं पाकीट तिनं पिशवीत ठेवलं. नंतर खाते म्हणाली.

पहिली शंका काढली शेजारच्या बाळाबाईनं. म्हातारीला ऐकू कमी येतं, पण नजर अजून शाबूत आहे. उन्हात बसून ती लसूण सोलत होती, दीक्षा समोरून गेली, तशी शालनला म्हणाली, "पोरीचं चिपाड झालंय गं. जेवती न्हवं?"

"जेवती की. ताट चाटूनपुसून देती."

"मग जातंय कुटं?"

शालननं त्या रात्री हाच प्रश्न नवऱ्याला विचारला. दीक्षाचे कपडे वाळत घालताना तिला दिसलं होतं, सलवारीची नाडी कुठवर ओढलेली असते ते. केस धुतले की मोरीत नुसते केस. "आता पुरे करा ते पळणं."

दिपक चिडला. "तुला लेकीचं कौतुकच न्हाई. अंथरुणात लोळत होती तवा बरी वाटली व्हय? आता उठती, पळती, अभ्यास करती. पळणाऱ्याच्या अंगाला लागत नसतं."  खरं तर दिपकलाही आत कुठंतरी टोचलं होतं, पण त्या ज्योतीवर त्याचा फार जीव जडला होता. लेक बरी झाल्याचा तेवढाच पुरावा त्याच्याजवळ होता, आणि तो हातचा सोडायला माणूस तयार नव्हता.

मग दीक्षाला ताप आला. अंग चटका बसेल असं. सकाळी ती भिंतीला धरून बूट घालत होती. शालन आडवी आली, दोघींची ओढाताण झाली. दीक्षानं बापाकडं पाहिलं. तेव्हा दिपकनं नको म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "लांब नको जाऊ. कोपऱ्यापर्यंत चार पावलं टाकून ये. खंड पडायला नको." हे वाक्य पुढं त्याला जन्मभर ऐकू येत राहणार होतं.

ती गेली आणि पाऊण तास आली नाही.

दिपकनं स्कूटर काढली. तलावाच्या अलीकडं कडुनिंबाखाली त्याला ती दिसली, बांधावर पाठमोरी बसलेली. हाक मारणार तोच थांबला. कुत्री तिच्यासमोर ओळीनं बसली होती, भुंकत नव्हती, भांडत नव्हती. रोजची पंगत असावी अशी वाट बघत होती. दीक्षानं जॅकेटातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. त्यात रात्रीची भाकरी होती, अख्खी, शालनच्या बोटांचे ठसे असलेली. तळलेले बोंबील होते. मग त्याची पुडी, दोन अंडी, खजूर. तिनं भाकरीचे तुकडे केले, सारखे, कुणाला कमी नाही कुणाला जास्त नाही, आणि एकेकाला भरवले. शेवटी बोटं मातीत पुसली. तेलाचा वाससुद्धा राहू नये अशी, घासून घासून.

 ती अंडी दिपकनं रात्री सोलली होती, टरफलाचा कण राहू नये म्हणून पाण्यात धुतली होती. गुबगुबीत कुत्र्यांचा पुण्यवान सापडला होता.

"दीक्षा."

ती दचकून उठली. तोंड पांढरंफटक. चोरी पकडली गेल्यावर माणूस रडतं, थापा मारतं, पाया पडतं. ती यातलं काही न करता म्हणाली, "पप्पा, एक फेरी राहिलीय अजून." आणि खरंच पळत सुटली. त्या जॅकेटात कुणी आहे असं मागून वाटत नव्हतं. गुडघा धरून दिपक तिच्या मागं चार पावलं धावला आणि थांबला. कुत्री त्याचे हात हुंगायला आली.

फेरी संपल्यावर तिला स्कूटरवर बसवून घरी आणलं आणि त्यानं शालनला सगळं सांगितलं. आता ही मला झोडणार, असं त्याला वाटलं होतं. झोडपलं असतं तर बरं झालं असतं. ती पिठाच्या डब्यापाशी खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "आणि मी दोन जास्त थापत होते."

दिवसभर तिघंही एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत राहिली. ताप उतरला तो गोळीनं. दिपकनं दवाखान्यात फोन करून दुसऱ्या दिवशीचा नंबर लावला. संध्याकाळी दीक्षासमोर बसून म्हणाला, "बाळा, बास झालं आता. उद्यापासून पळायचं न्हाई." तिनं मान हलवली. इतकी पटकन हलवली की त्यानं खात्रीसाठी बूट उचलून माळ्यावर टाकले आणि दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेतली.

पहाटे त्याला जाग आली ती डोक्यावरच्या आवाजानं. धप, धप, धप. वर स्लॅबवर कुणीतरी पळत होतं.

तो जिना चढला, कठड्याला लोंबकळत. गच्चीवर दीक्षा जॅकेट घालून अनवाणी पळत होती. पाण्याच्या टाकीला वळसा, कपड्यांच्या दोरीखालून वाकून, परत टाकीला वळसा. फरशी बर्फासारखी गार होती. फोन हातात घट्ट धरला होता. तिनं बापाला पाहिलं, पण पाय थांबले नाहीत.

"दीक्षा, थांब."

"तुम्हीच म्हणालात ना पप्पा, खंड नको."

"चुकलं माझं. मी मूर्ख माणूस आहे. थांब आता."

"थोडंच राहिलंय."

त्यानं तिला मिठीत धरलं. हाडांची मोळी धरल्यासारखं वाटलं, आणि त्या मिठीतही तिचे पाय हलतच होते. त्याला रडू फुटलं. धरून ठेवलं तर मोडेल असं वाटून त्यानं तिला सोडलं, आणि मग त्याला दुसरं काही सुचेना म्हणून तिच्या बाजूनं पळायला लागला. पळणं कसलं, उजवा पाय फरफटत, दर पावलाला तोंडातून कण्हणं बाहेर पडत होतं. टाकीला एक वळसा झाला. दुसऱ्याला तो दोरीत अडकला आणि गुडघ्यावर आपटता आपटता वाचला.

"पप्पा, तुमचा गुडघा."

"असू दे."

"पप्पा, नका पळू."

"तू पळतीस तवर मी पळणार."

ती हळू झाली. त्याच्यासाठी झाली, स्वतःसाठी नाही, हे त्याला कळत होतं. आधी भराभर चालली, मग नुसती चालली, मग त्याचा दंड धरून उभी राहिली. 

"तिकडं मला काहीच जमलं नाही पप्पा," ती म्हणाली. "सगळ्या पोरी माझ्यापेक्षा हुशार. हे एकच जमलं. आणि पोट रिकामं असलं की हलकं पळता येतं. आधी थोडंच टाकत होते. आता घास तोंडाजवळ नेला की भीती वाटते."

 सगळ्या गोष्टींवर दिपकजवळ एकच शब्द होता, आणि तो आता तोंडून काढायची त्याला लाज वाटत होती.

जिन्याच्या तोंडाशी शालन उभी होती, केव्हापासून कुणास ठाऊक. हातात ताटली, ताटलीत कालची भाकरी आणि थोडं दूध. ती जवळ आली, सांडग्याएवढा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि लेकीच्या हातात दिला.  खाली कुणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं, बादल्यांचा आवाज सुरू झाला होता.

दीक्षानं तुकडा हातात धरला. त्याच्याकडं बघत राहिली. मग तिचा हात हळूहळू खाली गेला आणि जॅकेटच्या खिशात शिरला. तिघांनीही पाहिलं. दीक्षानं स्वतःही पाहिलं, आणि तिचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला.

"पप्पा, मी नाही नेला," ती म्हणाली. "तो आपोआप जातो."

दिपकनं आपला हात तिच्या खिशात घातला आणि आतच तिची मूठ धरली. भाकरीचा ओला तुकडा दोघांच्या बोटांत चुरगळला. दवाखाना उघडायला अजून बराच वेळ होता. तो तसाच उभा राहिला, मूठ न सोडता.