सकाळचा हात

टेबलावर होतं ते एवढंच: मासे धरायच्या रॉडचा फायबरग्लासचा तीन तुकड्यांचा ब्लँक, म्हणजे मूठ नाही, कड्या नाहीत अशी नुसती पोकळ काठी, दोरी ओवायच्या, लहान लहान होत जाणाऱ्या सात कड्या आणि टोकाची आठवी, बुचाच्या चौदा चकत्या, त्यांतली एक कडेला फुटलेली, रीळ बसवायची एक खोबण, हिरव्या दोऱ्याची एक गुंडी, इपॉक्सीच्या, म्हणजे एकत्र केल्यावर कडक होणाऱ्या डिंकाच्या, दोन बाटल्या. आणि खिडकीच्या काचेला लावतात त्या पुट्टीचे तीन गोळे, तिन्हींवर आत्याच्या बोटांचे ठसे.

ब्लँक दुकानातला सगळ्यात स्वस्त होता. "हा कुणी नेत नाही, फार मऊ आहे," असं दुकानदार म्हणाला, तेव्हा भाचीनं तोच उचलला. आत्याचा जुना रॉड कडक होता. दर फेकीला मनगटाला हिसका बसायचा. फायबरग्लास पार मुठीपर्यंत वाकतो, हळू वाकतो, हळूच सरळ होतो. हातानं करायचं निम्मं काम काठीच करते.

आत्यानं इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरींना इस्त्री केली होती. गरम वाफ आणि गार पाणी आलटून पालटून खाल्लेले सांधे आता सुजलेले असायचे. नोकरी सुटल्यावर ती तळ्याकाठच्या दोन खोल्यांत राहायला गेली ती माशांपायी. पिसांची बनावट माशी पाण्यावर अलगद टाकायची आणि वाट बघायची, हा तिचा दिवस. पण यंदा तिची दोरी पायरीपुढच्या पाणगवतातच पडायला लागली होती. गवत पायरीपासून आठ मीटरपर्यंत पसरलेलं. मासे त्याच्या पलीकडे.

"मासा लागत नाही, मग तिथं बसून करते काय ती?" बाबा म्हणायचे. "पाणीच बघायचंय ना, आपल्या नळाला चोवीस तास आहे म्हणावं."

रोजच्या फोनाफोनीला कंटाळून शेवटी आत्यानंच तोडगा काढला होता. या महिनाअखेरपर्यंत माशी गवतापलीकडे पडली तर ती तिथंच राहणार. नाही पडली तर सामान बांधून भावाच्या तिसऱ्या मजल्यावर.

म्हणून भाची कामाला लागली. रंगाच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर डब्याडब्यातल्या रंगाचा दाटपणा मोजायची आणि डोळे चुरचुरत घरी यायची. आत्या तिला लहानपणापासून दशांश म्हणायची, कारण उंची मोजताना "एक मीटर दोन" म्हटलेलं तिला कधी चाललं नव्हतं. पुढचा आकडा हवाच.

मुठीचं मापही तिनं तसंच घेतलं. कारखाना सुटला की बस पकडून जायचं, आत्याच्या हातात पुट्टीचा गोळा द्यायचा आणि "जेवढी वळेल तेवढीच मूठ वळ" म्हणायचं. असं तीनदा. तीन ठसे, तीन मापं, त्यांची सरासरी तेवीस मिलिमीटर.

मग चकत्या चिकटवल्या, तेरा. फुटकी बाजूला ठेवली. सुकल्यावर कानस घेऊन बसली. बुचाची पूड केसांत, चहात, बाबांच्या वर्तमानपत्रावर. काठी टेबलावर टेकवून, वाकवून फिरवली तेव्हा एका बाजूला ती आपोआप वळून बसली. तो तिचा नैसर्गिक बाक; तिथं पेन्सिलीची खूण केली आणि त्या रेषेत कड्या बांधल्या, दोऱ्याच्या वेढ्याला वेढा लावून. एकदा पाचवी कडी तिरकी निघाली, तेव्हा सगळा दोरा उलगडून परत. शेवटी दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप. ती ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत काठी सारखी फिरवत राहावी लागते. तिच्याकडे मोटर नव्हती, हात होते.

"घर आहे की पंक्चरचं दुकान?" बाबा नाक दाबून म्हणाले. थोड्या वेळानं मात्र काठीचं दुसरं टोक धरून बसले. "तू जरा पाठ टेक. फिरवतो मी. पण तिला सांगू नकोस."

शनिवारी तयार रॉड घेऊन ती तळ्यावर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या गच्चीत दोरीवरचा टॉवेल काढत होती.

"आलीस? चेहरा बघ, पिळून काढल्यासारखा. चहा घे आधी. काठी काही पळून जात नाही."

"आधी फेकून बघ."

घरामागच्या मैदानात आत्यानं मूठ धरली. काठी मागे गेली, थांबली, पुढे आली. दोरी गवतावर सरळ झोपली. टेप लावला तर साडेनऊ मीटर. आत्यानं पुन्हा फेकली, मग पुन्हा. दोघी हसत होत्या आणि शेवटची बस निघून गेली.

"राहा मग," आत्या म्हणाली. "उद्या पहाटे खऱ्या पाण्यावर बघू. मासे पहाटेच वर येतात, माझ्या सोयीनं थोडेच."

सकाळी भाचीला जाग आली ती काहीतरी पडल्याच्या आवाजानं. स्वयंपाकघरात आत्या किटली उचलत होती, दोन्ही तळव्यांमध्ये धरून, एखादं गरम भांडं धरावं तशी. बोटं वळतच नव्हती. भाचीनं आत्याचा हा हात कधी पाहिलाच नव्हता.

तळ्याच्या पायरीवर दोरी चार मीटरवर गोळा होऊन पडली. दुसऱ्यांदा रॉडच हातातून फिरला. बोटांत आणि बुचात फट होती, काठी तिच्यात खुळखुळत होती.

"राहू दे," आत्या म्हणाली आणि पायरीवर बसली. "काठी चांगली झालीय गं. हातच थकलाय."

"रोज सकाळी असं असतं?"

"दहा वाजेपर्यंत. मग सैल पडतो."

"आणि तू मला संध्याकाळी मोजू दिलंस? तिन्ही वेळा?"

"तू यायचीस संध्याकाळी. मग सकाळचा हात कुठून आणू दाखवायला?"

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर मुक्कामाला यावं लागलं असतं तुला. आधीच उभ्या उभ्या झोपतेस." आत्या पाण्याकडे बघत होती. "आणि तुझ्या बापाच्या कानावर गेलं असतं. मग किटलीसुद्धा उचलू दिली नसती मला त्यानं."

तीनदा मोजलं, सरासरी काढली, आणि तीनही वेळा चुकीच्या हाताचं माप घेतलं. बूच कानसलं की गेलं, परत चिकटत नाही. नवी मूठ करायची तर आठवडा, आणि महिना परवा संपत होता. तिला तिथंच, थंडगार पायरीवर आडवं व्हावंसं वाटलं.

मग ती उठली. पिशवीच्या तळाशी पुट्टीचा उरलेला गोळा होता.

"वळ मूठ."

"दशांश, पुरे गं आता."

"एकदाच. वळेल तेवढीच."

एकतीस मिलिमीटर. आठचा फरक, म्हणजे चारी बाजूंनी चार. ती खोलीभर हिंडली. रबरी नळी जाड निघाली, चिकटपट्टी पातळ. गच्चीतली कपड्यांची सुती दोरी तिनं जाडी मोजायच्या कॅलिपरमध्ये धरली. चार मिलिमीटर. तिनं ती दोन्ही टोकांना सोडली.

"अगं, माझी दोरी! कपडे काय डोक्यावर वाळवू?"

"नवी आणते. चिमटे राहू देत."

पायरीवर बसून तिनं मुठीवर वेढे घालायला सुरुवात केली, कड्यांना घातले होते तसेच, वेढ्याला वेढा लावून. आत्या काठीचं दुसरं टोक फिरवत राहिली. अर्ध्यावर आत्या म्हणाली, "तुझी आजी असंच विणायला बसवायची आम्हा दोघांना. तुझा बाप सुटायचा, मी अडकायचे."

"काठी बाबांनीही फिरवली. मला पाठ टेकायला लावून."

"तोंड वाकडं करून?"

"नाक दाबून. आणि तुला सांगू नकोस म्हणाले."

"मग सांगितलंस कशाला?" आत्या म्हणाली, पण काठी फिरवायची थांबली नाही.

वेढे संपले, टोक आत खुपसून आवळलं. आत्यानं मूठ धरली. बोटं पुरती वळली नाहीत, पण फट राहिली नाही.

पहिल्या फेकीला माशी मागच्या झुडपात अडकली. आत्यानं शिवी हासडली, भाचीनं माशी सोडवली. दुसरी गवतात पडली. तिसऱ्या वेळी आत्यानं मनगट सोडून दिलं, कोपरापासून हात हलवला आणि काठीला वाकायला वेळ दिला. दोरी पाण्यावर पडली. काठीचं टोक खाली आलं.

"हलू नकोस," भाची म्हणाली.

तिनं गुडघ्यावर बसून पायरीच्या कडेला दोरीवर कपड्यांचा चिमटा लावला. मग सगळी दोरी ओढून पायरीवर सरळ मांडली, वर टेप मांडला, आणि एकदा वाचून पुन्हा वाचलं. चिमट्यापासून माशीपर्यंत आठ मीटर बावीस सेंटिमीटर.