मधला ठोकळा

पाचवा बीम तडकला, त्या सकाळी नानांनी बारक्याला मिक्सरवरून उतरवलं आणि त्याच्या हातात झाडू दिला.

नाना यार्डाचे मुकादम. तिथे काँक्रीटचे बीम साच्यात ओतून तयार होत आणि ट्रकवर चढून बांधकामांवर जात. बत्तीस वर्षांत नानांच्या हाताखालून इतके बीम गेले होते, की सगळे टोकाला टोक लावून ठेवले असते तर नजर पुरली नसती. बारक्या तिथला मिक्सरवाला. नाव बारक्या, पण तो समोर उभा राहिला की मागचा मिक्सर दिसायचा नाही. आणि त्याची थोरली बहीण तिथेच सळ्यांचे सांगाडे बांधायची. तिला सगळेच ताई म्हणत, वयाने मोठे असलेले नानासुद्धा.

"मालात खोट आहे," नाना चारचौघांत म्हणाले. "पाणी जास्त पडतंय. हात सैल आहे याचा."

"नाना, क्यूब तर पास झालेत," बारक्या म्हणाला. मिक्सरच्या प्रत्येक घाण्यातून थोडा माल घेऊन वीतभर चौकोनी क्यूब बनवायचे आणि ते प्रयोगशाळेत दाबून फोडायचे, असा तिथे नियम होता.

"क्यूबला चांगला माल घालायचा आणि बीमला उरलासुरला! मला शिकवतोस?"

बारक्या खाली मान घालून झाडत राहिला. ताईच्या हातातली तार वेडीवाकडी पिळली गेली. भाऊ डोळ्यांदेखत चोर ठरत होता, आणि त्याच्या बाजूने सांगायला तिच्याकडे रागाशिवाय काहीच नव्हतं. नुसत्या रागाने नानांसमोर तोंड उघडणाऱ्यांतली ती नव्हती.

ताई दीड वर्षापासून संध्याकाळी बांधकामाच्या वर्गाला जात होती. एकोणचाळिसाव्या वर्षी. वर्गातल्या पोरांच्या आया तिच्याच वयाच्या. अर्जावर कामाच्या ठिकाणची सही लागत होती तेव्हा नानांनी एका शब्दाने न विचारता केली होती, हेही तिच्या डोक्यात होतंच.

त्या संध्याकाळी सरांनी गादीतल्या फोमचा एक लांब तुकडा आणला. त्याच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारलेल्या. दोन टोकांखाली दोन पुस्तकं ठेवून सरांनी तो मधे बोटाने दाबला.

"काय दिसतंय?"

"वरच्या बाजूला रेघा जवळ आल्या," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "खाली लांब गेल्या."

"म्हणजे वर दाब, खाली ताण. काँक्रीट दाबाला दांडगं, पण ताणाला एकदम लेचंपेचं. म्हणून ताणाच्या बाजूला सळ्या. टेकू दोन टोकांना असतील तर सळ्या कुठे?"

"खाली," ताई म्हणाली. हे तिला हातांनी माहीत होतं. रोज ती खाली चार जाड सळ्या बांधायची आणि वर दोन बारीक, नावापुरत्या, सांगाडा उभा राहावा एवढ्याच. पण त्या खालीच का, हे आज पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं.

"सर, आणखी आधार म्हणून मधेही टेकू दिला तर?"

"या ना पुढे. देऊन बघा."

ताईने फोमखाली मधोमध डस्टर उभा सरकवला. फोम सरळ झाला. सर हसले आणि एका टोकाचं पुस्तक त्यांनी अलगद काढून घेतलं. ते टोक खाली लोंबलं. डस्टरच्या बरोबर वरच्या रेघा फाकल्या.

"आता ताण कुठे आला?"

वर्गाने काय उत्तर दिलं ते ताईने ऐकलंच नाही. तिला यार्डातले बीम दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ती कामाच्या तासभर आधी पोहोचली. तडकलेले पाचही बीम पाण्याच्या टाकीजवळच्या रांगेतले होते. तिथली जमीन कायम ओली. प्रत्येक बीम तीन ठोकळ्यांवर टेकवलेला, दोन टोकांना आणि एक मधे; त्यातला टाकीकडचा ठोकळा चार बोटं मातीत रुतलेला. ती गुडघ्यांवर बसली, ओल्या फडक्याने एकेक बीम पुसला आणि भेगेवरून नख फिरवलं. प्रत्येक भेग वरून सुरू झालेली. प्रत्येक भेग मधल्या ठोकळ्याच्या डोक्यावर. खालचा भाग कोरा करकरीत.

तिने तिथेच वही उघडली. दोन टोकांवर टेकलेला बीम स्वतःच्या वजनाने मधे किती वाकायला बघतो, तो आकडा काढला. मग टाकीकडचं टोक अधांतरी धरून, मधल्या ठोकळ्यावर किती, तोही काढला. दोन्ही आकडे सारखेच आले. विश्वास बसेना म्हणून तिने पुन्हा मांडलं. सारखेच! फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी बीम उलट वाकत होता. ताण वर, जिथे तिने स्वतःच्या हातांनी नावापुरत्या सळ्या बांधल्या होत्या.

अवघड पुढचंच होतं. मधला ठोकळा नानांनीच सुरू केला होता. सात मीटरचे लांब बीम यायला लागले तेव्हा ते म्हणाले होते, "एवढं लांब अंग, पोटाला आधार नको?" ठोकळे त्यांनी स्वतः निवडून, झाडून ठेवले होते.

नाना आले तशी ती सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली.

"नाना, माल चांगला आहे. बीम मधल्या ठोकळ्याने तुटतायत."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "आधाराने वस्तू तुटते? हे शिकवतात तुमच्या वर्गात?"

"हो. मी दाखवते."

"भावासाठी बोलतेयस तू."

"भावासाठी तर बोलतेयच. पण खरं आहे ते. एक बीम द्या मला."

बोलाचाली वाढली तशा ऑफिसातून मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. महिन्याभरापूर्वीचा एक बीम घ्या. मोडला तर मोडला. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

क्रेनने बीम दोन ठोकळ्यांवर ठेवला. मधे काही नाही. ताई चप्पल काढून बीमच्या मधोमध चढली.

"बारक्या, ये."

बारक्याने नानांकडे बघितलं आणि चढला. मग क्रेनवाला, सळ्या कापणारे दोघे, ट्रकचा ड्रायव्हर. सहा जण एका ओळीत, एकमेकांचे खांदे धरून, फोटोला उभे असल्यासारखे. बीम हूं की चूं करेना.

"हे माझ्या भावाचं काँक्रीट," ताई वरून म्हणाली. "उतरा आता."

मग तिने मधे ठोकळा घातला, पाचर मारून घट्ट बसवला, एक टोक वर उचललं जाऊ नये म्हणून त्यावर सळ्यांचे भारे ठेवायला लावले आणि दुसऱ्या टोकाच्या ठोकळ्याखालची माती फावड्याने काढली. ठोकळा खचला. ते टोक अधांतरी राहिलं. सगळे वाकून बघायला लागले. काहीच झालं नाही.

नानांच्या मिशीत हसू आलं. "बरं, मग?"

"नाना, रांगेत आपण तीन दिवसांचे कोवळे बीम ठेवतो. हा महिन्याचा, मुरलेला आहे. मघाशी सहा जण होते, आता एकच पुरेल. बारक्या, त्या टोकावर उभा राहा."

बारक्या जपून पावलं टाकत टोकाकडे गेला. अर्ध्यावर काही नाही. टोकाशी पोहोचला आणि टक्कन आवाज झाला, सुपारी फुटावी तसा. मधल्या ठोकळ्याच्या वर, वरच्या अंगाला, आडवी भेग.

बारक्याने खाली उडी मारली. नाना पुढे झाले, खाली बसले, भेगेवरून बोट फिरवलं. मग उठून टाकीजवळच्या रांगेकडे गेले. तिथल्या पाचही भेगा त्यांनी तशाच बोटाने चाचपल्या. परत यायला त्यांना बराच वेळ लागला.

"मधला ठोकळा नसता आणि टाकीकडचा रुतला असता, तर?" त्यांनी विचारलं.

"बीम नुसता तिरका झाला असता. मोडला नसता."

"म्हणजे मी तोडले."

ताईला वाटलं होतं, हा क्षण आला की छाती फुगेल. पण ती फावडं बाजूला ठेवून नानांजवळ गेली. "तुम्ही जपायला गेलात, नाना," ती म्हणाली.

"जपलं, पण न कळता जपलं." ते बारक्याकडे वळले. सगळ्यांनी ऐकावं अशा आवाजात म्हणाले, "तुला लोकांदेखत बोललो, आता लोकांदेखतच सांगतो. चूक माझी. झाडू ठेव आणि मिक्सर चालू कर."

बारक्या एवढा लाजला की त्याला मिक्सरचं बटण सापडेना.

दुपारपर्यंत रांगेतले सगळे मधले ठोकळे निघाले. टाकीकडच्या जमिनीवर खडी पडली. मालकीणबाईंनी ताईला लाल पेंटचा डबा दिला आणि प्रत्येक बीमवर टेकूच्या जागा रंगवायचं काम त्या दिवसापासून तिच्याकडे आलं.

ती तिसऱ्या बीमवर रेघ ओढत होती, तेव्हा नाना येऊन शेजारी उभे राहिले.

"ताई, एक विचारू? क्रेनने उचलताना साखळी कुठे बांधायची? मधे एक, की टोकांना दोन, की जरा आत?"

तिने ब्रश थांबवला. "खरं सांगू? मला अजून येत नाही. गुरुवारी सरांना विचारणार आहे."

"गुरुवारी किती वाजता असतो वर्ग?"

"सहाला."

गुरुवारी पावणेसहालाच नाना इस्त्रीचा शर्ट घालून वर्गाच्या दारात उभे होते. कुणी हटकलं नाही. पोरांना वाटलं नवे सर आले, सगळी उठून उभी राहिली. नानांनी त्यांना हातानेच बसवलं आणि ताईच्या शेजारी बाकावर जागा करून घेतली.