न्हाणीघरातला स्पर्श

या, जवळ सरका. कुणी देवाची कथा गाऊन सांगू लागला की मी पुढची जागा धरून बसते. मला गळा नाही, पण आज एक गोष्ट सांगते. खोटी वाटली तर मधूनच उठून जा.

आमच्या न्हाणीघरापासून पार जिन्यापर्यंत रांग लागली होती. माझा धाकटा भाऊ तिथेच आंघोळ करताना गेला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढे एकदा त्याच्या बायकोने, माझ्या वहिनीने, तिथल्या नळाला हात लावला आणि बोटांत झिणझिण्या आल्या. तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने ती ज्यांना मानायची त्या महाराजांना, आणि महाराज आपल्या पायांनी चालत आले.

"आत्मा घुटमळतोय," ते म्हणाले. "पाय ओले करा, निर्मळ मनाने बोट लावा. पाप्याला काही कळायचं नाही. आणि उदबत्त्यांचा धूर कोंडलाय, तो हवा बाहेर टाकणारा पंखा लावा आधी."

पापी ठरायला कोण तयार होणार? ज्याला काही जाणवलं नाही तोही "भेटले, भेटले" म्हणत बाहेर यायचा. महाराज स्वतः मात्र जाड रबरी सपाता काढत नसत.

माझ्या यजमानांनी विचारलंच, "महाराज, तुमचे पाय कोरडे कसे?"

"माझं तेज जमिनीला सोसायचं नाही."

"फरशी नवी आहे, सोसेल."

लोकांनी यांनाच गप्प केलं.

मला हसू आलं नाही. वहिनीने अन्न टाकलं होतं. उठसूट आत जाऊन नळाशी उभी राहायची. "ताई, ते हात धरतात माझा," म्हणायची. मीही बोट लावून रडून आले होते.

मग महाराजांनी फर्मान काढलं, "लेकीला त्या नळाखाली आंघोळ घाला. बाप तिला भेटेल आणि सुटेल."

दुसऱ्या दिवशी महाराजांच्या देखत टॉवेलात गुंडाळलेली पोर काखेत घेऊन वहिनी दारात उभी, आणि वीज गेली. "ताई, हिला धरा. आधी मी भेटते," ती म्हणाली. तिने नळाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"नाहीत."

वीज आली, पंखा घरघरला. तिने बोट टेकवलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं. बाहेर येऊन तिने पंखा बंद केला. पुन्हा नळ धरला. काहीच नाही.

ती महाराजांच्या पायांकडे बघत राहिली. "वीज गेली की माझा नवरा कुठे जातो, महाराज? सपाता काढा, पंखा लावते, तुम्ही नळ धरा."

"आज माझं मौन आहे," महाराज म्हणाले आणि जिना उतरले.

मग वायरमनला बोलावलं, त्याने पंखा उघडला. भावाने तो स्वतःच बसवला होता, शॉवरच्या अगदी डोक्यावर, घरच्या पूर्ण विजेवर चालणारा. गळालेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार भावाने नळाच्या लोखंडी पाइपला बांधली. सगळे तसंच करतात, म्हणाला होता. पुढे तो पाइप गंजला आणि प्लंबरने बाहेरचा तुकडा प्लास्टिकचा घातला. जमिनीकडे जायची वाट तुटली. वाफेने पंखा आतून ओला झाला, वीज तारेतून नळात उतरली आणि तिथेच थांबली, कुणीतरी ओल्या पायांनी नळ धरीपर्यंत. बाकीच्यांचं नुसतं बोट टेकलं. भाऊ अंगभर ओला होता, आणि नळ मुठीत.

वहिनी खाली बसली. "ज्याला मी रोज धरत होते, त्यानेच त्यांना नेलं, ताई." माझा भाऊ तिच्यासाठी त्या दिवशी दुसऱ्यांदा गेला.

आता तिथे बारा व्होल्टचा, जीवघेणा झटका न देणारा पंखा आहे. त्याची वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर न्हाणीघराबाहेर, पाण्यापासून लांब. अर्थिंग नीट जमिनीत, आणि वीज गळाली की आपोआप बंद करणारा स्विच. माझा देव आहे तिथेच आहे. तो नळात बसून लेकरांना झटके देत नाही. नळ झिणझिणला तर हात जोडू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आणि पंखा घ्यायला दुकानात उभे राहाल तेव्हा माझ्या भावाची तेवढी आठवण काढा.