अठरा ओळींची दुरुस्ती

मित्रांनो, मी एक जुनी दुरुस्ती आहे, अवघ्या अठरा ओळींची. नटबोल्टाची नव्हे, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामची. हसू नका. मला वेळेवर जागा मिळाली असती, तर साक्रीच्या कमलबाईंचा उजवा हात आज धड असता.

शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारा एक प्रोग्राम खानदेशातल्या पाच-सहा हौशी मंडळींनी मिळून बनवला. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही तो वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून इंटरनेटवरच्या त्यांच्या उघड्या पानावर मांडावी. मग दुसरा जाणकार ती तपासतो, तिथेच शंका विचारतो. त्याचं समाधान झालं की ती दुरुस्ती सगळ्यांच्या मोटरपर्यंत पोचते. सगळा कारभार चारचौघांत.

कमलबाईंचे यजमान भिकनभाऊ यांनी त्या पानावर तक्रार केली होती. गेलेली लाईट परत आली की मोटर आपोआप सुरू होते, जवळ माणूस असला तरी! पारोळ्याच्या मयुरीनं तीन दिवस खपून मला लिहिलं. लाईट आली की आधी दोन मिनिटं घंटा वाजवायची आणि मग मोटर सोडायची, एवढंच माझं काम. पण केवढी ऐट होती मला!

तपासायला आले धुळ्याचे धनसिंग नाना. वीजखात्यातून निवृत्त झालेले, मंडळींचे गुरूच म्हणा ना. त्यांनी माझ्याखाली लिहिलं, “घंटा वाजत असताना लाईट पुन्हा गेली, तर प्रोग्राम अडकून पडेल. हे सुधारा.” नाना चुकले होते. माझी अकरावी ओळ नेमकी त्यासाठीच होती, पण ती त्यांच्या नजरेतून सुटली.

मयुरी उत्तर लिहू लागली. तिची आई लताबाई मागून स्क्रीन बघत होती. नानांची चूक सगळ्यांसमोर दाखवणं तिला रुचलं नाही.

“हाई बठ्ठा लोके वाचतीन ना? नानास्नी चूक बठ्ठास्मोर दाखाडशी? त्या मोठा माणूस शेतस. फोनवर सांगी दे.”

“आई, पण उत्तर पानवरच देनं पडस.”

“राहू दे तुनं पान.”

मयुरीलाही धीर झाला नाही. लिहिलेलं पुसून तिनं नानांना फोनवर एक अदबशीर निरोप धाडला. लग्नसराईचे दिवस. पत्रिका आणि शुभेच्छांच्या ढिगात तो निरोप कुठल्या कुठे गडप झाला.

इकडे पानावर नानांची शंका तशीच उभी. इतर जाणकार यायचे, वाचायचे, “मयुरीचं उत्तर येऊ द्या” म्हणून निघून जायचे. नाना मयुरीची वाट बघत होते आणि मयुरी नानांची. भिकनभाऊंनी दोनदा विचारलं. “भाऊ, नाना बघतील,” एवढंच ती लिहायची. सात आठवडे मी पडून राहिले. मला गंज चढत नाही, पण लाज वाटते.

मग एका दुपारी लाईट गेली. मोटरचा पट्टा निसटला होता, तो बसवायला कमलबाई वाकल्या. तेवढ्यात लाईट आली.

संध्याकाळी भिकनभाऊंनी पानावर लिहिलं, “कमलना हातनी चार बोटे ग्यात. तुमनी दुरुस्ती झायी का?”

नानांनी मला पुन्हा वाचलं, अकरावी ओळ पाहिली आणि अकरा मिनिटांत मला प्रोग्राममध्ये घेतलं. माझ्याखाली शाबासकीची रांग लागली. मला ती नको होती. मयुरीनं फक्त एवढं लिहिलं, “नाना, तुमची शंका चुकीची होती. उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं.”

मित्रांनो, मोठ्यांचा मान जरूर राखा. पण जिथे शंका विचारली गेली, तिथेच सर्वांसमक्ष नम्रपणे उत्तर द्या. नाना रागावले असते तर दोन दिवस रागावले असते. कमलबाई मात्र आता जन्मभर डाव्या हाताने जेवणार.