वाघीण एका पायावर

केमो संपली की सुटलीस, असं सगळे म्हणत होते. सुटतेय कसली! औषधाने पायांच्या नसा खाल्ल्या. तळव्यांची नुसती आग आग होते आणि तरी पायाखालची फरशी कळत नाही. फिजिओबाईंनी व्यायाम दिले: पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, मग हळूच हात सोडायचा. आग कमी होईल, तोलही येईल, पण वेळ लागेल म्हणाल्या.

वेळच तर मागितला होता मी. हिंजवडीला नेणाऱ्या कंपनीच्या बसच्या पायऱ्या मला उतरता येत नाहीत, तेव्हा अजून काही महिने घरून काम करू द्या, एवढाच अर्ज. माझा मॅनेजर प्रज्ञेश बघतो म्हणाला होता. नाही मिळालं तर नोकरी सोडायची, दुसरं काय करणार!

त्या दिवशी सकाळी ओट्यापाशी पहिल्यांदाच हात सोडला आणि जरा वेळ उभी राहिले. माझा नवरा आमोद मोबाइल घेऊन तयारच होता. मग गेला तोल, आणि मी धाडकन फरशीवर. कोपर टम्म सुजलं. त्याने उठवलं, बर्फ लावला, सगळं अगदी मायेने केलं. नंतर पडल्याचा भाग कापून उरलेला व्हिडिओ स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, 'माझी वाघीण'.

आमोदचा नंबर प्रज्ञेशकडे हॉस्पिटलच्या दिवसांपासून आहे. स्टेटस बघून दुपारीच प्रज्ञेशचा फोन आला.

"तनुजा, ग्रेट! एका पायावर उभी राहतेस, मग आता घरून कशाला? सोमवारपासून ये."

मी पडले म्हणून सांगितलं. व्हिडिओत तसं काही दिसलं नाही, म्हणाला.

आमोदला म्हटलं, तो पडल्याचा भाग पाठव त्याला. तो केव्हाच डिलीट करून बसला होता. असलं निगेटिव्ह कोण ठेवतं, म्हणे! माझं डोकंच फिरलं. घरच्याच माणसाने पोटावर पाय आणला, तोही कौतुक करता करता. तोंडाला येईल ते बोलले. त्याने पुन्हा मोबाइल काढला.

"परत उभी राहा. या वेळी पडताना घेतो."

लाज गुंडाळून ठेवली आणि उभी राहिले. हात सोडला. आमोद वाट बघतोय, मीही बघतेय. आणि मी मेली पडेचना! तळवे तसेच पेटलेले होते, पण ते व्हिडिओत कुठले दिसायला.