हळदीची घोरपड

"वहिनी, अस्वलाले हळद लावून राह्यल्या? लगन कोनाशी जमलं त्याचं?"

छापखान्यातला जुना कामगार जानराव कागद कापायच्या मशीनला टेकून हसत होता. हळदीच्या वाटीत बोट बुडवून शरयूने नुकत्याच छापून आलेल्या पहिल्या कागदाचे चारही कोपरे टिपले. एका कोपऱ्यात अस्वल होतं, दुसऱ्यात मोर, तिसऱ्यात सायाळ आणि चौथ्यात घोरपड. मधे रानातले बाकीचे जीव दाटीवाटीने बसले होते.

"काम कोणतंही असू दे भाऊजी, पहिला कागद त्याचा," गणपतीच्या तसबिरीकडे पाहत ती हळूच म्हणाली आणि कागद तसबिरीपुढे ठेवून हात जोडून उभी राहिली.

जळगाव जामोदच्या बसस्टँडमागे शरयूच्या नवऱ्याचा, चिंतामणरावांचा हा छापखाना. त्यात मुख्यतः लग्नपत्रिकाच छापल्या जात. शरयू लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्या कागदाला हळद लावण्याचं काम तिचं. हळद लागलेली पत्रिका रात्रभर गणपतीपुढे राही. सकाळी जानराव ती गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवी आणि गिऱ्हाईक ती घरी नेऊन आपल्या कुलदैवतापुढे ठेवी. कोणाची पत्रिका तसबिरीपुढे आहे यावरून गल्लीला कळायचं, आता कोणाच्या घरी मांडव पडणार.

मग आमंत्रणं मोबाइलवर जायला लागली. इतकंच काय, पुण्याला असलेल्या त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या, सोहमच्या लग्नाचं आमंत्रणही मोबाइलवरच फिरलं. त्यात सनई वाजत होती आणि गणपती सोंड हलवत होता. चिंतामणराव "छान आहे" म्हणाले आणि त्या दिवशी जेवणावरून लवकर उठले. शरयूने मात्र एक पत्रिका छापून घेतलीच. एकच. देवासाठी.

आता दिवाळी झाली की मलकापूरचे एक गृहस्थ येऊन छपाईचं मशीन घेऊन जाणार होते. बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. चिंतामणराव येता-जाता मशीनवरून फडकं फिरवत, पुसलेलंच पुन्हा पुसत.

अस्वल-मोरांचा हा पत्त्यांचा खेळ निघाला तो शरयूच्या नेमातून. नेम तिचे पुष्कळ. सोमवारी सूर्य मावळेपर्यंत मौन असे. "बाकीच्या दिवशी तरी कुठं फरक पडते?" असं जानराव म्हणे. यंदा चातुर्मासात तिने ठरवलं होतं, रोज तुळशीपुढे रांगोळीने देवाचा एक जीव काढायचा, त्याच्या तोंडाशी चिमूटभर तांदूळ ठेवायचे, मग चहा घ्यायचा. पहिल्या दिवशी मुंगी काढली, मग खार, मग ससा. शाळेत जाणारी पोरं कुंपणाशी थांबायला लागली.

"काकू, उद्या बिबट काढा ना!"

"बिबट काय काढते बे? अस्वल काढा काकू. अस्वलापुढं बिबट पयते."

"पयते म्हणे! तुह्या मामानं पाह्यलं का?"

"मामा अंबाबरव्याच्या जंगलात गार्ड हाय माहा! त्यानं नाही त मंग कोनं पाह्यलं?"

हे भांडण चिंतामणरावांनी दात घासता घासता ऐकलं आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून ते आत आले. "शरयू, तुझी ही रांगोळी कागदावर येईल का गं?"

तिने चित्रं काढून दिली. सोहमने ती पुण्याहून संगणकावर मांडली, प्रत्येक जनावराखाली ताकद, पळणं, चढणं आणि लपणं यांचे आकडे टाकले. तिच्या हातचा ससाणा पाहून त्याने फोन केला, "आई, तू हे इतकी वर्षं पाण्याने पुसून टाकत होतीस?" शरयू म्हणाली, "रांगोळी पुसायचीच असते रे."

खेळ सोपा होता. दोघांनी एकेक पत्ता टाकायचा, ज्याची पाळी त्याने 'चढणं' म्हणायचं की 'लपणं', ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता जिंकून न्यायचा. बंद पाकिटात पाच पत्ते, कोणते निघतील ते नशीब. नाव ठेवलं 'रानगडी'. श्रावणात पहिली पाकिटं शाळेजवळच्या दोन दुकानांत लागली आणि आठवडाभर तशीच टांगलेली राहिली.

मग एका दुपारी मंजुश्री छापखान्यात आली. एस.टी.त कंडक्टर असलेल्या प्रेमानंद यांची ही मुलगी, सहावीत शिकणारी. कुंपणाशी अस्वलाची बाजू घेणारी तीच.

"काकू, हे खराब निघालं का इस्पेशल हाय?"

तिच्या हातात घोरपडीचा पत्ता होता. कोपऱ्यावर पिवळं बोट उमटलेलं.

शरयू तसबिरीकडे वळली. तिथे कागद नव्हता. पत्रिका दुसऱ्या दिवशी जातेच, म्हणून रिकाम्या जागेकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. तिने जानरावकडे पाहिलं. जानरावने जीभ चावली.

"वहिनी, मी त आपली पत्रिका समजून... सकाळी उचलला, कापला अन् ठेवला गठ्ठ्यात वर. दरवेळी ठेवतो तसा! हातच गेला माहा."

देवापुढचा कागद पाकिटांत जाऊन बाजारात पोचला होता. शरयूला कसंसंच झालं. पण पोर उत्तरासाठी तोंडाकडे पाहत होती, तेव्हा तिने आहे ते सांगितलं. "खराब नाही बाळा. ही पहिल्या कागदाची आहे. देवापुढे होती. अशा चारच आहेत."

"चारच? साऱ्या जळगावात?"

"साऱ्या जगात," जानराव मागून बोलला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी शाळेच्या पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुकानांतली पाकिटं संपली. तिसऱ्या दिवशी संग्रामपूरच्या दुकानदाराचा फोन आला. पोरांनी आपणहून एक नियमही काढला, की हळदीचा पत्ता डावात हरला तरी तो कोणी न्यायचा नाही, त्याच्या बदली दुसरा द्यायचा. हा नियम कोणी केला ते कळलं नाही, पण मोडला कोणीच नाही. सायाळ सापडली एका किराणावाल्याच्या मुलाला. मोर एका पोराच्या आजीकडे गेला आणि तिने तो देवघरात ठेवून टाकला. त्यावर त्या घरी जे रडणं झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. अस्वलही शेवटी निघालं आणि चौघं धनी ठरले. त्या दिवसापासून खप उतरायला लागला.

"आता हळद निघणार नाही हे पोरांना कळलंय," रात्रीच्या जेवणाला चिंतामणराव म्हणाले. भाकरीचा घास त्यांनी वरणात बुडवला आणि तसाच ठेवला. "शरयू, घरात हळद आहे ना?"

"आहे."

"मग प्रत्येक शेकड्यात एका पत्त्याला बोट लाव. तुझंच बोट, तुझीच हळद. खोटं काय आहे त्यात?"

शरयूने त्यांच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं. "अहो, मी मुलांना सांगितलंय, पहिल्या कागदाची आहे म्हणून. दुसऱ्या कागदाला लावली तर तो नुसता पिवळा रंग झाला."

"पोरांना काय कळतं?"

"मला कळतं ना."

चिंतामणराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं, असं तिला वाटलं. ते फक्त म्हणाले, "मग मशीन जाईल गं," आणि हात धुवायला उठले.

त्या रात्री तिला झोप लागेना. हळद देवाची, हे खरं. मशीन त्यांचा जीव, हेही खरं. पहाटे ती नेहमीसारखी रांगोळीचा डबा घेऊन तुळशीपुढे बसली आणि कोणता जीव काढावा याचा विचार करू लागली. कासव, घुबड, खंड्या, मुंगूस, विंचू... किती तरी राहिले होते. चातुर्मास संपला तरी ते संपणार नव्हते. तिचा हात थांबला. मग ती एकटीच हसली आणि तिने भरभर एक गुबगुबीत घुबड काढलं.

चहाचा कप ठेवताना ती म्हणाली, "अहो, नवीन सोळा जीव काढले तर ते नवीन काम होईल की नाही?"

"होईल. मग?"

"नवीन कामाचा पहिला कागदही नवीन. त्याला हळद लावायचीच असते."

जानराव आला नव्हता तरी चिंतामणरावांनी हाक मारली, "जानराव!"

पितृपक्ष चालू होता, त्यात नवं काम काढायचं नाही. म्हणून दसऱ्याचा दिवस ठरला. त्या दिवशी तशीही मशीनची पूजा असते. शरयूचं एवढंच म्हणणं होतं, की या वेळी नकळत काही नको. कोणत्या चार पत्त्यांना हळद लागली ते मुलांनी डोळ्यांनी पाहावं, मग नशिबाने ज्याला मिळेल त्याला मिळेल.

दसऱ्याला छापखान्याच्या दारात चपलांचा ढीग पडला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मशीनला झेंडूचा हार, आपट्याची पानं. जानराव इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि पोरांना दम देत होता, "ए, पट्ट्याले हात लावू नको बे! बोट गेलं त हळद लावाले काय ठेवशील?" आरती सुरू झाली तेव्हा टाळ्यांचा ठेका प्रत्येकाचा वेगळा पडला आणि चिंतामणराव मधेच शब्द विसरले. ते मशीनला हळू आवाजात काहीतरी सांगत होते असं मंजुश्रीने नंतर सगळ्यांना सांगितलं.

बटण दाबलं. पहिला कागद बाहेर आला तशी इतकी शांतता झाली, की रस्त्यावरच्या एस.टी.च्या घंटीचा दोर ओढल्याचा आवाज आला. शरयूने बोट बुडवलं.

"कासव!" पोरं ओरडली.

"घुबड!"

"खंड्या!"

चौथ्या कोपऱ्यात मुंगूस होतं. मुंगसाच्या नावाने जो आरडाओरडा झाला त्याने पलीकडचा शिंपी कात्री घेऊनच धावत आला.

"जानरावकाका, आता कापा अन् ठेवा वरच!" मंजुश्री म्हणाली.

"वर नाही, आता मधात ठीवतो. लय हुशार हायस तू."

दिवाळीत संग्रामपूर, शेगाव, पार धाड गावच्या बाजारापर्यंत पाकिटं गेली. मलकापूरचा फोन आला तेव्हा चिंतामणराव मशीनच्या आवाजातच बोलले. "काय म्हणता? ऐकू येत नाही हो! मशीन चालू आहे! हो, हो, चालूच आहे!" तेवढंच त्यांनी तीन-चारदा सांगितलं आणि फोन ठेवला.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी पोरांचा घोळका पायरीशी आला. मधे मंजुश्री, डोळे लाल. हातात घोरपड. खेळून खेळून तिच्या कोपऱ्यावरची हळद पार झिजून गेली होती, कागद तेवढा मळकट पांढरा दिसत होता.

"काकू, हा म्हणते ही साधी घोरपड हाय! मी हरली, त आता घेऊन जातो म्हणते."

"हळद कुठी हाय? दाखव ना मंग," समोरचा पोरगा म्हणाला. "उद्या मी पण म्हणीन माही झिजली म्हणून."

"मी खोटं बोलते का?"

"बोलू शकते ना."

मंजुश्रीने नाक पुसलं. "बाबा म्हणे, आपण हळदकुंकू मानत नाही, पण खोटंही बोलत नाही. तुले काकूनंच पहिल्यांदा सांगितलं होतं, जा अन् काकूलेच इचार. तर मी आली."

शरयूच्या ओठांवर शब्द आले आणि तिथेच थांबले. सोमवार होता, मौनाचा. तिने पत्ता हातात घेतला, उजेडाकडे धरला. हळदीचा मागमूस नव्हता. पण श्रावणातल्या त्या दुपारी हाच पत्ता घेऊन हीच पोर या दारात उभी होती, आणि 'खराब निघालं का' असं तिनेच विचारलं होतं. शरयूने पोरांकडे एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. मग मान खाली करून होकार दिला. एकदाच, सावकाश.

"हाव म्हणते काकू!" कोणीतरी ओरडलं.

समोरच्या पोराने एक क्षण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मंग हाय त हाय," तो म्हणाला. "त्याच्या बदली ससाणा दे."

"पुन्हा लावून देता का हळद?" मंजुश्रीने पत्ता पुढे केला.

शरयूने मान हलवली. नाही. पोरीच्या गालावरून हात फिरवून तिने पत्ता परत दिला. मंजुश्रीने तो दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि पायरीवरच पुढचा डाव पडला.

आत जानराव वाट पाहत उभा होता. लग्नसराई लागून बरेच दिवस झाले होते आणि आज मशीनवर यंदाची पहिली लग्नपत्रिका होती. आसलगावच्या एका मुलीची. दुसरी येईल की नाही ते कोणाला ठाऊक नव्हतं. जानरावने पहिला कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

शरयूने वाटीत बोट बुडवलं. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. बाहेर कोणीतरी "लपणं!" म्हणून ओरडलं आणि हसण्याचा गलका झाला. ती थांबली, हसली, आणि चौथ्या कोपऱ्यावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं.